विजेच्या स्वतंत्र जोडणीविना चालणारी हार्ड डिस्क आणि वऱ्हाडातील संग्रहांचे जतन : एक ऐतिहासिक टिपण

१. विषयप्रवेश

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हार्ड डिस्कच्या निवडीविषयी लिहावे, ह्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की बोलीचा अभ्यास आज वहीपुरता राहिलेला नाही. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ ह्या जिल्ह्यांतून वऱ्हाडी बोलीचे जे ध्वनिमुद्रण केले जाते, ते अखेरीस कोणत्या तरी साधनावर साठवावे लागते. ते साधन नष्ट झाले तर संशोधकाचे श्रम वाया जातात हे खरेच. पण त्याहून मोठी हानी अशी, की ज्या वृद्ध स्त्रीपुरुषांचा आवाज त्यावर होता ते पुन्हा बोलावयास येत नाहीत. मेळघाटातील कोरकू आणि जळगाव-जामोदच्या परिसरातील निहाली ह्या भाषांच्या बाबतीत तर एकेका निवेदकाचे मोल फार मोठे आहे.

ह्या प्रदेशातील महाविद्यालयांचे संशोधन-अनुदान बेताचे असते, आणि क्षेत्रकार्याच्या गावी वीज हाताशी असेलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून प्रश्न असा उभा राहतो : भिंतीतील विजेची जोडणी न घेता, केवळ संगणकाच्या यूएसबी तारेवर चालणारी, आणि परवडणारी हार्ड डिस्क निवडावयाची ती कोणत्या निकषांवर? प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की हा केवळ खरेदीचा प्रश्न नसून जतनाचा प्रश्न आहे. आणि जतनाच्या प्रश्नाला वऱ्हाडात सातशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाकडे पाहिल्यावाचून निकष नीट ठरत नाहीत.

२. रिद्धपूरचा दाखला

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्यस्थान. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा एकत्र केल्या, त्या ह्याच गावी, नागदेवाचार्यांच्या सहकार्याने. निरनिराळ्या व्यक्तींकडे जाऊन, प्रत्येकाची आठवण विचारून, ती पडताळून लिहून घ्यावयाची ही त्यांची पद्धती आजच्या क्षेत्रकार्याशी इतकी मिळतीजुळती आहे, की म्हाइंभटांना मराठीतील पहिले क्षेत्रसंशोधक म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होऊ नये.

परंतु ह्या ग्रंथाचे पुढे काय झाले, तो भाग आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. देवगिरीवर खिलजी सैन्याच्या स्वाऱ्या झाल्या, त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली, असे पंथीय परंपरा सांगते. त्यानंतर ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा सिद्ध करण्यात आला. त्यांत हिराइसेचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. आज आपल्यापुढे लीळाचरित्राचे अनेक पाठ आहेत, आणि त्यांतील भेदांचा निर्णय करण्यात संपादकांची वर्षानुवर्षे खर्ची पडली, त्याचे एक कारण हेच होय. ग्रंथ वाचला, परंतु मूळ शब्द कोणता ह्याविषयीचा निश्चय गेला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे. कारण यादवकालीन मराठीच्या रूपांविषयी जे वाद आहेत, त्यांतील कित्येकांचा निकाल मूळ प्रतीने एका क्षणात लावला असता.

ह्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखेच. दुसरी ही, की प्रती एकाच ठिकाणी असून भागत नाही. महानुभाव पंथ पुढे पंजाब व काबूलपर्यंत पसरला आणि मराठी पोथ्याही त्याबरोबर गेल्या. वऱ्हाडातील एखाद्या मठाला आग लागली किंवा वाळवी लागली, तरी शेकडो कोसांवर दुसरी प्रत सुरक्षित राहू शकत होती. आज संग्रहपाल जो नियम सांगतात तो असा : प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक अन्य गावी असावी. ह्या नियमाचे मर्म पंथाच्या प्रसारामुळे आपल्याकडे पूर्वीच प्रत्ययास आले होते.

विसाव्या शतकातील दाखलाही हेच सांगतो. ग्रिअर्सन ह्यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने छापलेले आहेत. त्या सर्वेक्षणाच्या जोडीने भारतातील अनेक भाषांच्या ग्रामोफोन तबकड्याही तयार करण्यात आल्या. लाखेच्या त्या तबकड्या ठिसूळ होत्या. तथापि त्यांच्या प्रती भारताबाहेरील ग्रंथालयांतही ठेवल्या गेल्यामुळे आज त्या संगणकावर ऐकता येतात. साधन टिकाऊ होते म्हणून आवाज राहिला असे नव्हे. प्रती विखुरलेल्या होत्या म्हणून राहिला.

३. चकतीचा इतिहास आणि विजेचे गणित

आता साधनाकडे वळू. चुंबकीय चकतीवर माहिती साठविणारे पहिले व्यापारी यंत्र आयबीएम ह्या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बाजारात आणले. त्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लक्ष वर्ण मावत, आणि यंत्राचे वजन टनाच्या घरात होते. १९८० साली सीगेट कंपनीने सव्वापाच इंची चकतीचे ५ मेगाबाइटचे यंत्र काढले, आणि हार्ड डिस्क टेबलावरील संगणकात शिरली. पुढे साडेतीन इंची व १९८८ साली अडीच इंची चकती आली. त्याच वर्षी फेर्ट व ग्र्यूनबर्ग ह्या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे महाचुंबकरोधाचा शोध लावला. १९९७ पासून त्या तत्त्वावरील वाचनशीर्षे हार्ड डिस्कमध्ये वापरात आली आणि तेवढ्याच जागेत कित्येक पटींनी अधिक माहिती मावू लागली. ह्या शोधाला २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या दृष्टीने यातील निर्णायक टप्पा अडीच इंची चकतीचा होय. साडेतीन इंची चकती फिरविणाऱ्या मोटारीला १२ व्होल्टचा दाब लागतो; तो यूएसबी तारेतून येत नाही, म्हणून तिच्याबरोबर भिंतीत खोचावयाचा अडॅप्टर घ्यावा लागतो. अडीच इंची चकती मुळात बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपसाठी घडविलेली असल्यामुळे तिला केवळ ५ व्होल्ट पुरतात; आणि यूएसबी तारेतून येणारा दाबही ५ व्होल्टच आहे. ह्या योगातूनच ‘खिशातली हार्ड डिस्क’ जन्मास आली.

यूएसबीची पहिली प्रमाणित आवृत्ती १९९६ सालची. तिच्या शिल्पकारांमध्ये इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे भारतीय वंशाचे अभियंते होते. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एका खाचेतून ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह मिळे, म्हणजे अडीच वॅट. अडीच इंची चकती एकदा गतीत आली की एवढ्यात तिचे भागते. पण स्तब्ध चकती फिरू लागण्याच्या क्षणी तिला अधिक प्रवाह लागतो. त्या काळच्या कित्येक डिस्कबरोबर दोन शेपट्यांची तार येत असे व ती संगणकाच्या दोन खाचांत लावावी लागे, त्याचे कारण हे होय. २००८ साली तिसरी आवृत्ती आली. तिने मर्यादा ९०० मिलिॲम्पिअरवर, म्हणजे साडेचार वॅटवर नेली, आणि वेगही सेकंदाला ४८ कोटी बिटांवरून ५०० कोटी बिटांवर गेला. ह्यानंतर एका तारेवर चालणारी डिस्क ही सर्वसामान्य गोष्ट झाली.

हे गणित वऱ्हाडात केवळ सोयीचे नव्हते. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास भारनियमन होत असे. ज्या अकोला जिल्ह्यात पारसचे औष्णिक वीजकेंद्र आहे, त्या जिल्ह्यातील खेडीही त्यातून सुटली नव्हती. भिंतीवरील विजेवर चालणारी डिस्क मध्येच बंद पडली तर चालू असलेले लेखन अर्धवट राहते व कधी कधी संपूर्ण अनुक्रमणिका बिघडते. लॅपटॉपवर चालणारी डिस्क मात्र वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम पुरे करते. भारनियमनाचे ते दिवस गेले असले, तरी उन्हाळी वादळात तारा तुटणे आणि मेळघाटातील दुर्गम पाड्यांवर पुरवठा अनियमित असणे ह्या गोष्टी आजही क्षेत्रकार्याच्या हिशेबात धराव्या लागतात.

४. किती साठवण पुरे?

बाजारात गेलेल्या माणसाला ‘जितकी मोठी तितकी बरी’ असे वाटते. ते तपासून पाहू. ध्वनिसंग्रहासाठी सर्वमान्य असे किमान मान सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुना २४ बिटांचा, असे आहे. दोन वाहिन्यांवर मुद्रण केले तर एका तासाला सुमारे १.०४ गिगाबाइट लागतात. एका वाहिनीवर त्याच्या निम्मे. समजा, एखादा संशोधक महिन्यातील २० दिवस, रोज ४ तास मुद्रण करीत राहिला. वर्षाचे ९६० तास होतात, आणि त्यांना सुमारे ९९५ गिगाबाइट लागतात. म्हणजे वर्षभर अखंड परिश्रम करणाऱ्याचे सर्व ध्वनिमुद्रण एका टेराबाइटात, दोन वाहिन्यांवर मुद्रण करूनही, जवळजवळ बसते. चित्रमुद्रणाची गोष्ट वेगळी. तेथे ही मोजणी अनेक पटींनी वाढते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. उत्पादक टेराबाइट दशमान पद्धतीने, म्हणजे एकावर बारा शून्ये असे मोजतात. काही संगणक-प्रणाली मात्र दोनाच्या घातांनी मोजतात. त्यामुळे एक टेराबाइटची डिस्क त्यांच्या पडद्यावर ९३१ गिगाबाइट अशी दिसते. ही फसवणूक नव्हे. मापे दोन आहेत, इतकेच.

मुद्रण एमपीथ्री स्वरूपात दाबून ठेवले तर जागा फार थोडी लागते, असा युक्तिवाद कोणी करील. परंतु त्या पद्धतीत कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळला जातो. वऱ्हाडीत ‘काळा’चा ‘काया’, ‘केळी’ची ‘केयी’ होते. पण एखाद्या निवेदकाच्या तोंडी तो ध्वनी शुद्ध यकार आहे की ळकाराची काही खूण त्यात शिल्लक आहे, ह्याचा निर्णय ध्वनीच्या सूक्ष्म मोजणीवरच करावा लागतो. आज जे गाळले ते उद्याच्या अभ्यासकाला परत मिळविता येत नाही. म्हणून काटकसर करावयाची ती मुद्रणाच्या गुणात नव्हे, तर डिस्कच्या आकारात.

५. निवडीचे निकष

वरील विवेचनावरून पहिला निकष निघतो तो असा : ठरलेल्या रकमेत एक मोठी डिस्क घेण्यापेक्षा दोन लहान घ्याव्यात. दर टेराबाइटमागे मोठी डिस्क स्वस्त पडते हे खरे. पण संग्राहकाने दर काढावयाचा तो सुरक्षित प्रतीमागे, रिकाम्या जागेमागे नव्हे. ४ वा ५ टेराबाइटच्या अडीच इंची डिस्कमध्ये चकत्यांची संख्या अधिक असते. त्यामुळे ती जाड होते आणि तिला प्रवाहही अधिक लागतो. जुन्या लॅपटॉपच्या खाचेवर ती अडण्याचा संभव असतो. १ किंवा २ टेराबाइटच्या डिस्कला ही अडचण सहसा येत नाही.

दुसरा निकष तारेचा व खाचेचा. आखूड तार, तिसऱ्या आवृत्तीची खाच आणि मध्ये विनावीज हब नाही, इतके पाळले तर बहुतेक तक्रारी उद्भवत नाहीत. डिस्क ‘टिकटिक’ आवाज करून पुनःपुन्हा थांबत असेल, तर ती बिघडली असे ठरविण्यापूर्वी तार व खाच बदलून पाहावी. प्रवाह अपुरा पडला तरी हेच लक्षण दिसते.

तिसरा निकष दुरुस्तीचा. काही तयार डिस्कमध्ये यूएसबीची खाच डिस्कच्या मूळ पट्टीवरच झाळलेली असते. ती तुटली तर आतील माहिती काढणे कष्टाचे व खर्चाचे होते. उलट, लॅपटॉपमधील साधी अडीच इंची साटा डिस्क आणि वेगळे केसिंग अशी जोडी घेतली, तर केसिंग बिघडल्यास ते तेवढे बदलता येते. जुन्या लॅपटॉपमधून निघालेली डिस्क अशा रीतीने तिसऱ्या, जादा प्रतीसाठी उपयोगात आणता येते. तिच्यावर पहिल्या प्रतीचा भार मात्र टाकू नये.

चौथा निकष चकतीवरील लेखनाचा. मोठ्या साठवणीच्या अनेक डिस्कमध्ये माहितीच्या रेषा कौलारू छपरावरील कौलांप्रमाणे एकीवर एक अंशतः चढविलेल्या असतात. अशा डिस्कवर वारंवार खोडून लिहिणे मंद होते; पण एकदा लिहून जपून ठेवण्याच्या कामी ती गैरसोयीची नाही. संग्रहाचे काम बहुतांशी ह्याच प्रकारचे आहे.

पाचवा निकष हवामानाचा. बाह्य डिस्कच्या पत्रकांत कार्यकाळातील तापमान साधारणतः ५ ते ३५ अंश असे दिलेले असते. अकोला व अमरावती येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद मोटारीत किंवा उन्हात ठेवलेल्या पिशवीत तो त्याहूनही चढतो. म्हणून प्रती करण्याचे काम पहाटे वा रात्री करावे आणि डिस्क सपाट जागी, स्थिर ठेवून चालवावी. जुने लेखनिक पोथीच्या अखेरीस तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ग्रंथ राखण्याची विनंती करीत. आपण त्यांत ऊन, धूळ व धक्का ह्यांची भर घालावी.

एसएसडी ह्या चकतीविरहित साधनाचा विचारही येथे केला पाहिजे. त्यात फिरणारा भाग नाही. धक्का सोसण्याची शक्ती अधिक आणि विजेची भूक बहुधा कमी. क्षेत्रात बरोबर नेण्यास ते उत्तमच. परंतु तेवढ्याच साठवणीस त्याची किंमत अधिक पडते, आणि विजेविना दीर्घ काळ कपाटात ठेवल्यास त्यातील विद्युत्प्रभार हळूहळू गळण्याचा धोका असतो. म्हणून प्रवासाला एसएसडी, कपाटाला चकती, अशी विभागणी योग्य होय.

किमतीविषयी एक ऐतिहासिक इशारा. २०११ साली थायलंडमध्ये आलेल्या महापुराने तेथील हार्ड डिस्कचे कारखाने बंद पडले आणि जगभर भाव झपाट्याने चढले. आज हार्ड डिस्क बनविणाऱ्या कंपन्या सीगेट, वेस्टर्न डिजिटल व तोशिबा ह्या तीनच उरल्या आहेत. त्यामुळे दूरच्या एखाद्या आपत्तीचा परिणाम अकोल्याच्या दुकानातील भावावर लगेच उमटतो. अनुदान हाती आले की दुसऱ्या प्रतीची डिस्क ‘पुढच्या वर्षी घेऊ’ म्हणून टाळणे शहाणपणाचे नाही. तसेच, अविश्वसनीय अशा अल्प किमतीत १६ टेराबाइट देऊ करणाऱ्या निनावी डिस्क टाळाव्यात. त्यांत पुष्कळदा लहानसे स्मृतिपत्र बसवून खोटी साठवण दाखविलेली असते आणि मर्यादा ओलांडली की नवी माहिती जुनीवर लिहिली जाते. नवी डिस्क घेतल्यावर ती एकदा पूर्ण भरून, पुन्हा वाचून पाहणे हा साधा उपाय आहे.

६. सकळ लिपीचा धडा

प्रत टिकली म्हणजे ग्रंथ टिकला, असे मात्र नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिप्यांत लिहिले. सकळ लिपीचे कर्तृत्व रवळोबासांकडे दिले जाते. वर्णांच्या अदलाबदलीवर आधारलेल्या ह्या लिपीमुळे पोथ्या परकीयांपासून सुरक्षित राहिल्या. पण शतकानुशतके मराठी वाचकांपासूनही दूर राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत राजवाडे व भावे ह्यांच्यासारख्या संशोधकांनी त्यांकडे लक्ष वळविले, लिपीची किल्ली उपलब्ध झाली, आणि मराठी वाङ्मयाच्या प्रारंभाचे चित्रच पालटले. पुढे ह. ना. नेने ह्यांनी १९३६ पासून लीळाचरित्र छापण्यास आरंभ केला, आणि वि. भि. कोलते ह्यांची संपादित आवृत्ती १९७८ साली निघाली. किल्ली जाणणारी परंपरा मधल्या काळात खंडित झाली असती, तर रिद्धपूरच्या पोथ्या आपल्यापुढे असूनही नसल्यासारख्या झाल्या असत्या.

आज हा धडा दोन प्रकारे लागू पडतो. परवलीचा शब्द घालून कुलूपबंद केलेली डिस्क खासगी मुलाखतींसाठी इष्ट आहे. पण तो शब्द एकट्या संशोधकाच्या स्मरणात न ठेवता विभागाच्या नोंदीत, मोहोरबंद पाकिटात असला पाहिजे. दुसरे, १९९० च्या दशकात मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या स्वतंत्र टंकांत लिहिला जात असे. तो टंक नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. हीच आपल्या काळातील सकळ लिपी होय, आणि ती कोणी हेतुपुरस्सर योजिलेलीही नव्हती. असे जुने लेखन युनिकोडमध्ये आणून, मूळ फाइलही जवळ ठेवून, मगच नव्या डिस्कवर चढवावे.

पूर्णतेच्या पडताळणीचीही जुनी रीत आहे. लेखनिक पोथीच्या शेवटी ग्रंथसंख्या, म्हणजे बत्तीस अक्षरांच्या मापाने भरणारी एकूण मोजणी, नोंदवीत. तीवरून मजुरी ठरे आणि पोथी पुरी आहे की नाही हेही कळे. संगणकातील ‘चेकसम’ हे तिचेच अधिक काटेकोर रूप होय. प्रत्येक फाइलची ही संख्या यादीत लिहून ठेवावी व वर्षातून एकदा सर्व प्रती तिच्याशी ताडून पाहाव्यात. कपाटातील डिस्क ह्या निमित्ताने फिरविलीही जाते. चारपाच वर्षांनी ती चालू असली तरी नवी घेऊन माहिती तीवर उतरवावी. जीर्ण पोथीची नवी प्रत करण्याची परंपरा ह्याहून वेगळी नव्हती.

७. उपसंहार

सारांश, वऱ्हाडातील महाविद्यालयाने अथवा एकट्या संशोधकाने एक वा दोन टेराबाइटच्या, यूएसबीच्या तिसऱ्या अथवा पुढील आवृत्तीच्या, केवळ तारेवर चालणाऱ्या दोन अडीच इंची डिस्क घ्याव्यात. शक्य तर त्या वेगवेगळ्या उत्पादकांच्या असाव्यात. एक अमरावतीस असली तर दुसरी अकोल्यास असावी. तिसरी प्रत वेगळ्या प्रकारच्या साधनावर ठेवावी. आणि सर्वांबरोबर यादी, चेकसम व किल्ली असावी.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी रिद्धपूर येथील मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले. ज्या गावी म्हाइंभटांनी माणसामाणसांकडून लीळा मिळवून लिहिल्या, त्या गावी आता बोलींचे ध्वनिसंग्रह जमा होऊ शकतील. ते जमा होताना दुसरी प्रत कोठे ठेवली आहे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जावा. लीळाचरित्राच्या वेळी तो विचारला गेला असता, तर आज पाठभेदांची चर्चा करणाऱ्या आपणा सर्वांना मूळ शब्दच वाचावयास मिळाला असता.